१४ लाख ६० हजारांचं अंदाजपत्रक आणि आमच्या शाळेचं छत

छताचा पोपडा रविवारी पडला म्हणून निभावलं. तिसरीच्या वर्गात दुसऱ्या बाकावर पडला, परातीएवढा तुकडा, बाकाची फळीच चिरली. सोमवारी सकाळी खिडकी उघडली तेव्हा कळलं. त्या बाकावर तीन लेकरं बसतात, त्यातली एक माझी.

आधी मी कोण ते सांगतो. माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या जळक्या मोटारी भरून देतो, शाळेशी संबंध म्हणजे पोरगी तिथं शिकते एवढाच. शाळा व्यवस्थापन समितीची निवड होती त्या दिवशी गावात लाईट नव्हती म्हणून मी रिकामा बसलेलो, हेडसरनी बोलावलं, समितीत बहुतेक पालकच लागतात आणि निम्म्या महिला लागतात, बाया तयार होत्या पण बापे कोणी तयार होईनात, मी दिसलो, केलं अध्यक्ष. पहिले सहा महिने मी फक्त सह्या केल्या. मग हा पोपडा पडला.

गाव कुठलं ते नेमकं सांगत नाही, लातूर-धाराशिवच्या हद्दीवरचं समजा, किल्लारीपासून तासाभराच्या रस्त्यावर. झेडपीची शाळा, पहिली ते सातवी, पट १६८. खोल्या आठ. तीन दगडी, निजामाच्या काळातल्या, त्यांना कुलूपच आहे. तीन आरसीसी स्लॅबच्या, भूकंपानंतर म्हणजे १९९५ ला झालेल्या. दोन सर्व शिक्षा अभियानातल्या, २००७ च्या. गळलालं होतं ते मधल्या तीन खोल्यांत.

समितीची मीटिंग बसली तर जो तो आपलंच सांगलालता. एकजण म्हणे फरशी बसवा, एकजण म्हणे रंग द्या, बोलक्या भिंती करा, एकजण म्हणे वर पत्र्याचं शेडच ठोका म्हणजे कटकट नाही. हेडसर बिचारे म्हणाले पैसे कुठायत. समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान आमच्या पटाला वर्षाला ५० हजार, ते पण कधी अर्धं येतं कधी मार्चच्या तोंडावर येतं, त्यातले दहा टक्के स्वच्छतेवर घालायचे, बाकीच्यात खडू-फळा, लाईट बिल, किरकोळ सगळं. त्यात छत कसं बसणार.

मग बांधकाम उपविभागात अर्ज दिला. जेई साहेब, म्हणजे कनिष्ठ अभियंता, आले, तरुण पोरगा, टेप लावला, वीस मिनिटात सगळं फिरून गेले आणि पंधरा दिवसांनी अंदाजपत्रक आलं १४ लाख ६० हजारांचं. हेडसरांनी आकडा वाचला आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. एवढे पैसे कोण देणार म्हणून विषय तिथंच मिटल्यात जमा होता.

पण माझ्या धंद्याची एक सवय आहे. गिऱ्हाईक म्हणतं मोटार जळाली, पूर्ण भरा, आणि मी खोलून बघतो तर निम्म्या वेळा कॉइल शाबूत असते, बेअरिंग गेलेलं असतं. म्हणून मी म्हणलं, वरचा आकडा राहू द्या, आतली मोजमापाची पानं मागवू. हेडसर म्हणाले तसं मागता येतं का. म्हणलं मागून तर बघू. जेई साहेबांनी काही आढेवेढे न घेता झेरॉक्स दिली.

मला त्यातलं काही कळत नव्हतं हे कबूल करतो. गावातले एक गवंडीमामा आहेत, त्यांना वाचता कमी येतं पण फूट-इंच तोंडपाठ. मी वाचायचो, ते बोटावर हिशेब करायचे. तीन संध्याकाळी गेल्या यात. आठही खोल्यांचं वॉटरप्रूफिंग धरलेलं, म्हणजे कुलूपबंद दगडी खोल्यांचं सुद्धा, ज्यांना स्लॅबच नाही, वर माती आहे. आतला गिलावा सगळ्या भिंतींचा नव्यानं. त्यात खिडक्या-दारं वजा केलेली नव्हती, मामा म्हणाले मोठं दार-खिडकी असलं की एका बाजूची वजावट करावीच लागते, नियमच आहे तसा. लायटिंगसाठी एकरकमी १ लाख ७५ हजार, खाली एका ओळीचा तपशील नाही. आणि ईशान्येच्या कोपऱ्यात भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेलेली, तिथला पाया मजबूत करायला २ लाख २० हजार. वर १८ टक्के जीएसटी, एक टक्का कामगार उपकर, अशी रांग.

आता यात कोणाला चोर म्हणायचं नाही मला. त्या पोराकडं किती गावं असतील, त्यानं वर्गखोल्यांचं क्षेत्रफळ घेतलं आणि सरकारी दरसूचीच्या, म्हणजे डीएसआरच्या दरानं गुणलं. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं की नेमकं काय दुखलालंय. डॉक्टरकडं जाऊन अंग दुखतंय एवढंच म्हणलं तर तो सगळ्याच तपासण्या लिहिणार. आम्ही अर्जात लिहिलं होतं, "शाळा इमारत नादुरुस्त झालेली असून दुरुस्ती करून मिळावी." आता काय मिळणार त्याला यातून.

तर ठरलं की दुखणं आपण शोधायचं. ऑगस्टमध्ये दोन दिवस सलग पाऊस लागला तेव्हा मी, मामा आणि समितीतल्या एक ताई शिडी लावून स्लॅबवर चढलो. ताई म्हणजे तिसरीतल्याच एका लेकराच्या आई, बचत गटाचं खातं सांभाळतात, पुढं यांनीच आमचे पैसे वाचवलेत, येईल ते. वर बघतो तर तळं! घोट्याएवढं पाणी. आणि एक सोडली तर पन्हाळी कोरड्या. पाणी बाहेर पडायलाच तयार नाही. मामांनी हात घातला तर पन्हाळीच्या तोंडातून निघालं काय, लिंबाचा पाला, दोन रबरी चेंडू, गुटख्याच्या पुड्या आणि एक स्लीपर. लहान मापाची स्लीपर, कोणाची ते अजून कळलं नाही.

ते काढलं तरी पाणी उतरेना. कारण पन्हाळीचं तोंड निम्मं सिमेंटनं बुजलेलं. मामांनी कडेला छन्नीनं उकरलं आणि म्हणाले, "अध्यक्ष, हे बगा, कोब्यावर कोबा केलाय की हो." म्हणजे १९९५ ला एक वीटकोबा, म्हणजे छत गळू नये म्हणून वीट-सिमेंटचा थर, झालेला, मग गळायला लागलं म्हणून मध्ये कधीतरी कोणीतरी तो न काढता त्याच्यावरच दुसरा थर ओतला, थरानं पातळी वर आली, पन्हाळी खाली राहिल्या. दुरुस्ती केली आणि त्या दुरुस्तीनंच पाणी अडवलं. एका खोलीचा स्लॅब ५०० चौरस फूट. मामांनी फूटभर लांब-रुंद ढेपळा फोडून काढला, चार इंच जाड, तो किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवला तर १८ किलो भरला. मी मोबाईलवर गुणाकार केला आणि पुन्हा केला कारण पटलं नाही. ९ टन. एका खोलीच्या डोक्यावर ९ टन जास्तीचे, वर पावसाचं पाणी वेगळं.

हे मी पारावर सांगितलं तर पोरं हसली, पण आमच्या गल्लीतले एक आजोबा उठून बसले. ९ टन म्हणजे किती रे, विचारलं. म्हणलं मुरमाच्या तीन ट्रॉल्या धरा. आजोबा काही बोलले नाहीत जरा वेळ. मग म्हणाले, "त्या रात्री माणसं भूकंपानं कमी आन् मातीच्या वज्यानं जास्त मेली. दर सालाला धाब्यावर माती टाकायचो आमी, गळू नये म्हणून. थरावर थर." ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, चारच्या सुमाराची. आमच्या भागात ती तारीख कोणाला सांगावी लागत नाही. दगड-मातीच्या भिंती आणि वर फूट-फूट, दीड-दीड फूट पांढरी माती, ते सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. त्यानंतर गावात कोणी छतावर थर टाकायचा नाही असं ठरलेलं असताना शाळेवर तेच करून ठेवलं होतं, फक्त मातीच्या जागी सिमेंट. आजोबांनी दुसऱ्या दिवशी हेडसरांच्या टेबलावर पाचशेची नोट ठेवली, वर्गणीची पहिली पावती त्यांची.

पाऊस उघडल्यावर मी जेई साहेबांना फोन केला, म्हणलं साहेब आता आम्हाला कळलंय कुठं दुखतंय, फक्त अर्धा दिवस द्या. आले. या वेळी सोबत उपअभियंता साहेबही आले. मामांनी बांबूला छोटी हातोडी बांधलेली, खालून छताला ठोकत गेले. चांगला काँक्रीट असला की ठक्क वाजतं, पोपडा सुटलेला असला की डब्ब, रिकाम्या डब्यासारखं. डब्ब वाजलं की ताई बांबूला बांधलेल्या खडूनं गोल करायच्या. तीन खोल्यांचं छत १५०० चौरस फूट, खडूच्या आतलं मोजलं तर २४० भरलं. अंदाजपत्रकात अख्खं १५०० होतं.

उपअभियंत्यांनी एका ठिकाणी सैल काँक्रीट काढायला लावलं, आतली सळई उघडी पडली, गंजाचे पापुद्रे सुटलेले, जिलेबीवरची साखर सुटते तसे. तारेच्या ब्रशनं घासली आणि जाडी मोजायचं व्हर्निअर लावलं. मूळची १० एमएम, भरली साडेनऊ. म्हणाले जीव आहे अजून. फक्त दोन जागी आठच्या खाली गेली होती, तिथं शेजारी नवी सळई बांधायला सांगितली. स्लॅब पाडून नवा टाकायची गोष्ट तिथंच संपली. मला त्या दिवशी खरंच बरं वाटलं, कारण तोपर्यंत गावात निम्मे लोक पाडा म्हणत होते.

कोपऱ्यातल्या भेगेचं मात्र अडलं. सगळ्यांनी लिंबाच्या झाडावर आळ घेतला, मुळं पायात शिरली म्हणून. झाड तोडायची भाषा सुरू. आमच्याकडची काळी माती, तिची खोड सगळ्यांना माहीतच आहे, पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मामा त्या कोपऱ्यात उकिडवे बसले आणि वर बघितलं. बरोबर वर एक पन्हाळ, तेवढीच एक चालू असलेली, अर्ध्या शाळेचं पाणी त्या एका कोपऱ्यात भिंतीच्या बुडात पडत होतं आणि भोवती कोबा नाही. एकाच कोपऱ्याची माती फुगायची, बाकीची नाही. भिंत तडकणार नाही तर काय. उपअभियंता साहेबांनी एक साधी युक्ती सांगितली. भेगेवर आडवी काचेची पट्टी बसवा, दोन्ही टोकांना सिमेंटनं चिकटवून, आणि तारीख लिहा. भेग हलली तर काच तडकेल. आमच्या दुकानासमोरच्या फोटोफ्रेमवाल्याकडून चार पट्ट्या आणल्या, फुकट दिल्या त्यानं. सप्टेंबरमध्ये बसवल्या. ऑक्टोबरात एक फुटली, कारण पन्हाळ अजून तिथंच होती. पन्हाळीला पाइप लावून पाणी लांब नेलं आणि नवी काच बसवली. एक अख्खा उन्हाळा आणि पावसाळा बघू, तोपर्यंत पायाला हात लावायचा नाही असं ठरलं. म्हणजे ते २ लाख २० हजार आधी बाजूला.

आता पैशाचं. हा भाग कंटाळवाणा आहे पण सगळी मारामारी इथंच असते. पैसा असतो, फक्त प्रत्येक पैशाच्या गळ्यात वेगळी पाटी असते. जिल्हा नियोजनमधून विशेष दुरुस्तीला ३ लाख मंजूर झाले, ते फक्त स्लॅबचे. ग्रामपंचायतीला तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाचा जो निधी येत होता त्यातला ६० टक्के बंधित, पाणी आणि स्वच्छतेलाच वापरायचा, त्यात आमचं मुलींचं स्वच्छतागृह आणि पाण्याची लाईन बसली, १ लाख २० हजार. ग्रामसेवक म्हणाले आराखड्यात नाव नसेल तर मी काही करू शकत नाही, मग ग्रामसभेत जाऊन बसलो, आराखड्यात घालून घेतलं. त्या पैशातून भिंतीला ब्रशसुद्धा मारता येत नाही, हे मला आधी कळलं असतं तर दोन चकरा वाचल्या असत्या. बाकी वायरिंग, पन्हाळी, भोवतीचा कोबा, रंग, याला कोणाचीच पाटी नव्हती. ते लोकवर्गणीतून, १ लाख २१ हजार जमले, आणि अनुदानातले ३५ हजार.

वर्गणीत एक गंमत झाली. गावचे एक मोठे कंत्राटदार पुण्याला असतात, त्यांनी फोनवर सांगितलं, शाळेला दीड लाख देतो पण कमान बांधायची, वडिलांच्या नावाची. आमच्या मराठवाड्यात एकवेळ शाळेला छत नसेल पण कमान असती. आम्ही म्हणलं काका छताला द्या. म्हणाले छत कोणाला दिसतंय? खरंय त्यांचं पण, रस्त्यावरून छत दिसत नाही. शेवटी ताईंनी तोडगा काढला, की पाण्याची टाकी वरच आहे, लांबून दिसते, तिच्यावर नाव टाकू. ४० हजार आले. एक लाख दहा कमानीसाठी राखून ठेवले त्यांनी, त्यांच्याकडंच.

स्लॅबचं काम एका मजूर संस्थेच्या नावावर निघालं, प्रत्यक्षात करणारा दुसराच, हे असं चालतं. २ लाख ८४ हजारांत, म्हणजे मंजूर रकमेपेक्षा सव्वापाच टक्के कमी, बिलो. फार बिलो असलं की मला भीती वाटते, वीस-बावीस टक्के बिलो भरणारा माणूस ते कुठून काढणार, मालातूनच ना. हा ठीक होता. पण कार्यारंभ आदेश फेब्रुवारीत हातात आला आणि ३१ मार्चला पैसे खर्ची पडायला पाहिजेत, नाहीतर परत. मार्चएण्ड हा आपल्याकडचा सगळ्यात महागडा महिना. घाईत काम आणि घाईत सही.

इथं ताईंचं काम सुरू झालं. सळईवरचा गंजरोधक, बाँडिंगचं केमिकल, पॉलिमरचा मसाला, हे सगळं डब्यात आणि पिशव्यात येतं, आणि यातच मारतात. दोन डब्यात पाणी वाढवून चार डब्यांचं काम दाखवतात. ताईंनी ठेकेदाराला पहिल्याच दिवशी सांगितलं, रिकामे डबे शाळेच्या बाहेर न्यायचे नाहीत, खोलीत ठेवायचे, आम्हाला लेकरांना कुंड्या करायच्यात. रोज संध्याकाळी मोजून वहीत लिहायच्या, बचत गटाच्याच वहीत, मागच्या पानापासून. चौथ्या दिवशी मुकादम म्हणाला, "ताई, कुंड्या किती करणार हाव?" ताई म्हणाल्या, अंदाजपत्रकात जेवढे डबे आहेत तेवढ्या. त्यानंतर माल बरोबर येत गेला.

वरचा दुसरा कोबा काढायला त्यांनी ब्रेकर मशीन आणलेलं. मामा आडवे पडले अक्षरशः. गंजलेल्या सळईचा स्लॅब, वर मशीनची थरथर, उरलेलं पण सुटेल म्हणाले. छन्नी-हातोड्यानं काढलं, चार दिवस जास्त गेले. ढेपळं खाली आली तर ट्रॉलीनं बाहेर टाकायला वेगळे पैसे मागितले, जादा बाब म्हणून. जादा बाब हा शब्द ऐकला की सावध व्हायचं हे तोवर शिकलो होतो. आम्ही म्हणलं टाकूच नका बाहेर, भिंतीभोवती जो कोबा करायचाय त्याच्याखाली भर म्हणून हेच दाबा. तसंच झालं. पन्हाळी, पाइप आणि भोवतीचा तीन फुटी कोबा मिळून ४१ हजारांत बसला.

मग पाणी साठवून बघायची वेळ आली. ज्यावरून बिल निघतं त्या मोजमाप पुस्तिकेत नोंद व्हायच्या आधी स्लॅबवर दोन इंच पाणी उभं करून ठेवायचं, गळतं का बघायचं. तीन खोल्यांना हिशेब केला तर ७ हजार लिटर. मार्च महिना, गावात दोन दिवसाआड नळ. गावकऱ्यांना कळलं तर बायाच घागरी घेऊन आल्या शाळेत. "हिकडं प्यायला पाणी नाही आन् तुमी छतावर भरलालाव व्हय?" त्यांचं चूक नव्हतं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं हे इथं शेंबडं पोरगंही जाणतं. ठेकेदाराला तर आनंदच झाला, म्हणाला राहू द्या चाचणी, पावसाळ्यात कळंलच की. पावसाळ्यात कळून काय उपयोग, तोवर बिल निघालेलं.

माझ्या एका गिऱ्हाइकाची विहीर शाळेच्या मागंच आहे, मोटार मीच भरलेली, उधारी बाकी होती त्याची. म्हणलं उधारी माफ, ७ हजार लिटर दे. तो तयार झाला पण एका अटीवर, की पाणी वाया जायचं नाही, परत माझ्या जनावरांच्या हौदात सोडायचं. ठरलं तसं. पन्हाळींना बोळे मारले, पाणी सोडलं, खाली खोलीत मी आणि हेडसर बॅटरी घेऊन. पहिला दिवस कोरडा. दुसऱ्या दिवशी दुपारी, म्हणजे छत्तीस तास झाले असतील, मधल्या खोलीत पन्हाळीच्या पाइपाशी ओल दिसली. पानाएवढी, मग ताटाएवढी. ठेकेदार म्हणाला घामय ते स्लॅबचा. जेई साहेब उभे होते, म्हणाले घाम असू द्या, पुन्हा करा. नोंद झालेली नव्हती म्हणून त्यानं गपगुमान सांधा फोडून पुन्हा भरला, स्वतःच्या पैशानं. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा ४८ तास. २९ मार्चला नोंद झाली. जनावरांना पाणी मिळालं, मला उधारी नाही मिळाली.

वायरिंग मी स्वतः घेतलं अंगावर, मजुरी न घेता, म्हणून ७८ हजारांत झालं. एकरकमीच्या १ लाख ७५ हजारांत थ्री फेज कनेक्शन धरलेलं होतं. मी लोड मोजला. वापरातल्या पाच वर्गखोल्या, प्रत्येकी दोन एलईडी ट्यूब २० वॅटच्या, दोन पंखे ७५ वॅटचे, म्हणजे हजार वॅटच्या आत. पाच कॉम्प्युटर, एक टीव्ही, एक एचपीची मोटार. सगळं एकदम चालू केलं तरी तीन किलोवॅटच्या आसपास. सिंगल फेजला काय धाड भरली होती? बिल काढून बघितलं तर मीटर दुकानासारखा वाणिज्य वर्गात, किती वर्षं कोण जाणे, सार्वजनिक सेवेत बदलून घ्यायचा अर्जच कोणी केला नव्हता. तो केला.

पण इथं माझी चूक सांगायलाच पाहिजे. जुनी अॅल्युमिनियमची वायर काढून सगळी तांब्याची टाकली, लाईटला दीड चौरस मिमीची, प्लगला अडीचची, आयएसआयची. अर्थिंग मात्र जुनंच ठेवलं. पट्टी दिसत होती, खड्डा दिसत होता, म्हणलं चार-पाच हजार वाचतील. सगळ्यांच्या खर्चावर बोट ठेवणारा मी, माझ्याच कामात कंजुषी केली. जूनमध्ये शाळा भरायच्या आधी हेडसरांनी हात धुवायला नळाला हात लावला आणि म्हणाले, मुंग्या आल्या हो. माझ्या पोटात गोळा आला. मोटारीच्या वायरला ओल लागून करंट पाइपात उतरत होता आणि अर्थिंग ते ओढून घेत नव्हतं. शंभरचा बल्ब फेज आणि अर्थला लावून बघितला, कसाबसा लालसर पेटला, विडी पेटल्यासारखा. न्यूट्रलला लावला तर लख्ख. म्हणजे अर्थिंग नावालाच. त्या नळावर दुसऱ्या दिवसापासून १६८ लेकरं हात धुणार होती.

त्याच दिवशी नवा खड्डा घेतला, मीठ-कोळसा, नवी प्लेट, वर पाणी ओतायला पाइप, आणि करंट गळला की लाईन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला. ९ हजार गेले, ते माझ्या खिशातून, समितीच्या हिशेबात लिहिले नाहीत. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला टेस्टचं बटण दाबायला जातो. पोरगी म्हणते पप्पा परत शाळेत आले.

रंग सगळ्यात शेवटी दिला, ३२ हजारांत, समितीतले दोघं रुसून बसले होते आधी दिला नाही म्हणून. आधी दिला असता तर वायरिंगच्या खाचा आणि ओलीचे डाग दोन्हींसाठी परत द्यावा लागला असता. सगळं धरून ५ लाख ५३ हजार लागले. ताईंच्या वहीत स्वच्छतागृहाचे १ लाख १८ हजार आहेत त्यात, आणि वर्गणीतले ५ हजार उरलेत, ते पन्हाळी साफ करायला राखलेत, दर मे महिन्यात एक माणूस शिडी लावून चढणार.

दगडी खोल्यांचं मात्र झालं नाही. त्या पाडायच्या तर आधी निर्लेखन, म्हणजे इमारत कागदावरून कमी करायची, मग लाकूड-दगडाचा लिलाव, मग पाडणं. सागवानी तुळया आहेत आत, गावातल्या बऱ्याच जणांचा डोळा आहे. प्रस्ताव दिलाय, तीनदा त्रुटी निघून परत आला, चौथ्यांदा दिलाय. तोवर कुलूप आणि भोवती काटेरी तार.

जूनच्या तेरा तारखेला पहिला मोठा पाऊस झाला, रात्री नऊ वाजता. मी आणि हेडसर दोघंही न ठरवता शाळेत पोचलो, मामा आधीच तिथं, डोक्यावर खताची पिशवी घेतलेली. तीन खोल्यांत बॅटरी मारून बघितलं. कोरड्या. २००७ च्या आणि १९९५ च्या खोल्या जिथं जुळतात त्या सांध्यातून एक थेंब पडत होता, दर मिनिटाला एखादा. खाली बादली ठेवली. बाहेर चारही पन्हाळींतून पाणी जोरात, लांब पडत होतं. कोपऱ्यातली काच बघायला गेलो तर अंधारात दिसेना, हेडसरनी चष्मा पुसला, बॅटरी जवळ धरली. तारीख पुसट झालीय पण काच अखंड.

परवा पुण्याहून काकांचा फोन आला होता. टाकीवरचं नाव गावात येताना वाचता येतं म्हणाले, फोटो आला त्यांच्याकडं. मग विचारलं, कमानीचं काय झालं?